किशोरांसाठीच्या अद्भुत प्रेमकथामालिकेवर वाचकांची मते कशी घ्यावीत आणि कशी नोंदवावीत

मराठवाड्यातल्या एखाद्या तालुक्याच्या वाचनालयात अकरावीतली मुलगी अद्भुत प्रेमकथेच्या मालिकेचा दुसरा भाग मागायला येते, तेव्हा त्या एका मागणीमागे तीन निरनिराळे प्रश्न उभे असतात. मालिका हाती घ्यावी का, आणि घेतली तर शेवटच्या भागापर्यंत न्यावी का, हे तिच्या मैत्रिणींना जाणून घ्यायचे असते. या वयात तिने हे वाचावे का, हा तिच्या आईवडिलांचा प्रश्न असतो. एकाच मालिकेचे चार-पाच जाड भाग विकत घेण्याइतकी ही मागणी टिकेल का, हे वाचनालयाच्या कार्यकारिणीला ठरवायचे असते. ‘मस्त आहे’, ‘रटाळ आहे’ किंवा ‘पोरं बिघडतील’ अशा अभिप्रायांनी यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. वाचकाचे मत कोणत्या भागात, कोणत्या प्रसंगापाशी आणि कोणत्या कारणाने तयार झाले हे नीट लिहून ठेवलेले असेल, तरच त्या मताचा दुसऱ्याला उपयोग होतो. अशी मते कशी मिळवावीत, त्यांवर चर्चा कशी घडवावी आणि त्यांची नोंद कशी ठेवावी, हे येथे सांगायचे आहे. ग्रंथपाल, कनिष्ठ महाविद्यालयांतील शिक्षक आणि गावात वाचनकट्टा चालवणारे तरुण यांच्यासाठी हे लिहिले असले, तरी एकट्याने वाचून आपले मत लिहू पाहणाऱ्या वाचकालाही यातला बराचसा भाग कामी येईल.

उदाहरणासाठी स्टेफनी मेयर यांची ‘ट्वायलाइट’ ही मालिका घेतली आहे. तिचे चारही मुख्य भाग २००५ ते २००८ या काळात प्रसिद्ध झाले, त्यांवर २००८ ते २०१२ या काळात पाच चित्रपट निघाले, आणि तिच्यावरून जगभरच्या वाचकांत इतके टोकाचे मतभेद झाले की मत कसे घ्यावे हे शिकण्यासाठी इतकी सोयीची मालिका दुसरी सापडणे कठीण आहे. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या फोर्क्स या पावसाळी गावात बेला ही सतरा वर्षांची मुलगी वडिलांकडे राहायला येते. तिच्या वर्गात बसणारा एडवर्ड दिसायला सतरा वर्षांचा असला तरी १९०१ साली जन्मलेला आणि १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत मरणाच्या दारातून व्हॅम्पायर, म्हणजे रक्तावर जगणारा आणि न मरणारा जीव, झालेला असतो. जेकब हा तिचा दुसरा जवळचा मित्र लांडग्याचे रूप घेणारा निघतो. या तिघांभोवती मालिका फिरते. ज्यांना ती अजून वाचायची आहे त्यांनी लक्षात घ्यावे की पुढील विवेचनात शेवटच्या भागातील घटनाही आल्या आहेत.

वेळ, प्रती आणि क्रम

चर्चेचे वेळापत्रक आखताना गावाचे वर्ष कसे चालते ते आधी पाहावे. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या मुलांना कादंबरी देऊन मत मागण्यात अर्थ नाही, आणि लातूर-नांदेडला वसतिगृहात राहून वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ची तयारी करणारी मुले ती परीक्षा संपेपर्यंत मोकळी होत नाहीत. त्यामुळे मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंतचा काळ सर्वांत सोयीचा ठरतो. मात्र उन्हाची तलखी लक्षात घेता बैठक संध्याकाळी सहानंतरच ठेवावी. दिवाळीची सुटी दुसरा पर्याय म्हणून अनेकांना सुचते, परंतु बीड, धाराशिव, जालना आणि परभणी जिल्ह्यांतल्या ज्या गावांतून ऊसतोडीला कुटुंबे जातात, त्या गावांत दसरा-दिवाळीनंतर काही मुले आईवडिलांबरोबर कारखान्याच्या फडावर गेलेली असतात आणि ती उन्हाळ्याच्या तोंडाशीच परततात. अशा वाचकाला देवघेवीच्या नेहमीच्या मुदतीत बांधू नये. पुस्तक सोबत नेऊ द्यावे, नोंदवहीत तसे लिहावे आणि परत आल्यावर त्याचे मत आवर्जून घ्यावे. फडावरच्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, वाचलेल्या पुस्तकाबद्दलचे मत शहरातल्या खोलीत वाचलेल्या पुस्तकाबद्दलच्या मतासारखेच असेल असे गृहीत धरता येत नाही, आणि तेच मत आपल्या वहीत नसते.

प्रतींचा प्रश्न खरा आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ साली झाला, आणि त्याखालील अनुदानावर चालणाऱ्या क किंवा ड वर्गाच्या वाचनालयाला एका मालिकेसाठी ग्रंथखरेदीचा मोठा हिस्सा देणे परवडत नाही. म्हणून पहिल्या भागाच्या दोन प्रती आणि पुढच्या भागांची एकेक प्रत एवढ्यावर सुरुवात करावी. सगळे भाग एकदम घेण्यापेक्षा पहिल्या भागावरची मते हाती आल्यानंतर पुढचे मागवावेत. फोनवर फिरणाऱ्या पीडीएफवर चर्चा आधारू नये, कारण लेखकाच्या हक्काचा प्रश्न तर आहेच, शिवाय त्या प्रतींत पाने गळालेली असतात आणि दोन वाचक एकाच प्रसंगाबद्दल बोलत आहेत याची खात्री राहत नाही.

क्रम प्रकाशनाचाच ठेवावा. या मालिकेत २०२० साली ‘मिडनाइट सन’ नावाचे पुस्तक आले, आणि त्यात पहिल्याच भागातली कथा एडवर्डच्या तोंडून सांगितली आहे. पहिल्या भागाची गोष्ट असल्यामुळे काही जण ते आधी वाचायला घेतात. माझे स्पष्ट मत असे की ते शेवटीच वाचावे. पहिल्या भागाचा सगळा ताण एडवर्डच्या मनात काय चालले आहे हे बेलाला कळत नाही यावर उभा आहे, आणि तो ताण आधीच सुटला तर पहिल्या भागाबद्दलचे मत अकारण वाईट येते.

प्रत्येक भागानंतर थांबावे

मालिकेबद्दल मत घेणे आणि एका कादंबरीबद्दल मत घेणे यांत मूलभूत फरक आहे. मालिकेचा वाचक महिनोन्‌महिने वाचत असतो, त्या काळात तो स्वतः बदलतो, आणि शेवटचा भाग वाचून झाल्यावर विचारले तर पहिल्या भागाबद्दल त्याला नेमके काय वाटले होते हे तो प्रामाणिकपणे सांगूच शकत नाही; शेवट आवडला असेल तर सगळेच आवडले होते असे त्याला वाटते, आणि शेवटाने निराशा केली असेल तर पहिल्यापासूनच काहीतरी खटकत होते असे तो म्हणतो. म्हणून पुढचा भाग हातात देण्यापूर्वी मागच्या भागाची नोंद लिहून घ्यावी. पाच-सहा ओळी पुरतात. त्यांत कोणता भाग वाचला, कोणत्या भाषेत वाचला, चित्रपट आधी पाहिला होता का, कोणत्या प्रसंगाने मत बनले किंवा बदलले, आणि पुढचा भाग वाचणार का व कशासाठी, एवढे यावे. चांगली नोंद साधारण कशी असते हे दिसावे म्हणून एक नमुना लिहून देतो:

‘भाग तिसरा. इंग्रजीतून वाचला. चित्रपट पाहिलेला नाही. एडवर्ड बेलाच्या गाडीच्या इंजिनातला भाग काढून ठेवतो तिथे मला त्याचा पहिल्यांदा राग आला. पहिल्या भागात तो तिच्यावर सतत लक्ष ठेवतो तेव्हा मात्र मला ते आवडले होते. पुढे तो आपले चुकले असे मानतो आणि तिला जाऊ देतो, त्यामुळे राग कमी झाला, पण गेला नाही. चौथा भाग वाचणार आहे, कारण बेला स्वतःच्या मनाने काय ठरवते ते बघायचे आहे.’

या नोंदीत तारांकन नाही, ‘उत्कृष्ट’ नाही, ‘टुकार’ नाही. तरीही ती वाचून मैत्रिणीला, आईला आणि ग्रंथपालाला आपापला निर्णय घेता येतो.

चित्रपटाचा प्रश्न का विचारायचा, तेही सांगतो. मालिकेच्या शेवटी व्हॅम्पायरांच्या दोन गटांत मोठी लढाई होणार अशी तयारी पुस्तक कितीतरी पाने करत राहते, आणि प्रत्यक्षात लढाई न होता प्रश्न मिटतो. २०१२ च्या चित्रपटात मात्र ती लढाई दाखवली आहे, आणि नंतर ते ॲलिस या एडवर्डच्या मानलेल्या बहिणीने दाखवलेले भविष्य होते असे उलगडते. चित्रपट पाहिलेला वाचक ‘शेवट जबरदस्त’ म्हणतो, न पाहिलेला ‘शेवटी काहीच घडले नाही’ म्हणतो, आणि ग्रंथपालाला वाटते की दोघांची आवड वेगळी आहे. वस्तुतः दोघे दोन वेगळ्या शेवटांबद्दल बोलत असतात.

भाषेची नोंद त्याहून महत्त्वाची आहे. मराठी किंवा उर्दू माध्यमातून शिकलेली आणि पहिल्यांदाच एवढे मोठे इंग्रजी पुस्तक हाती घेणारी मुलगी ‘कंटाळवाणे’ लिहिते तेव्हा तो कथेचा कंटाळा आहे की शब्दाशब्दाला अडण्याचा शीण आहे, हे विचारल्याशिवाय कळत नाही. अशा वेळी तिला एकच प्रकरण निवडून त्याची गोष्ट मराठीत तोंडी सांगायला लावावे. सांगताना ती रंगली, तर कंटाळा कथेचा नव्हता.

प्रेमाबद्दलची मते

अशा मालिकांवरच्या मतांचा गाभा येथे आहे, आणि बहुतेक चर्चा येथेच फसतात. मोठी माणसे उपस्थित असली तर मुले गप्प बसतात, आणि मोठी माणसे नसली तर चर्चा एडवर्ड चांगला की जेकब चांगला या दोन तटांत वाटली जाते. या तटबंदीत मजा आहे, ती पहिली दहा मिनिटे चालू द्यावी. त्यानंतर एक प्रसंग हातात घ्यावा आणि पुस्तक उघडून तो मोठ्याने वाचावा.

गाडीचा प्रसंगच घेऊ. तिसऱ्या भागात बेलाला जेकबला भेटायला जायचे आहे आणि ती घाईघाईने आपल्या जुन्या ट्रकमध्ये येऊन किल्ली फिरवते. इंजिन चालू होत नाही. शेजारच्या सीटवर एडवर्ड बसलेला असतो आणि त्याच्या हातात इंजिनातला काढून घेतलेला भाग असतो. लांडगे धोकादायक आहेत, म्हणून तिला जाऊ द्यायचे नाही, असे त्याचे म्हणणे. हा प्रसंग वाचून झाल्यावर सूत्रधाराने आपले मत सांगू नये. त्याने क्रमाने विचारावे. तिच्या जिवाला खरोखर धोका होता का? धोका किती आहे हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा होता? तिला न विचारता गाडी बंद पाडण्याऐवजी त्याला आणखी काय करता आले असते? आणि मग, थोडा वेळ जाऊ देऊन: हेच एखाद्या साध्या मुलाने, कॉलेजातून घरी जायला निघालेल्या मुलीची स्कूटी बंद पाडून केले असते, तर आपण त्याला काय म्हटले असते?

शेवटचा प्रश्न विचारला की मराठवाड्यातल्या मुली ज्या नेमकेपणाने बोलू लागतात, त्याची बरोबरी कोणतेही छापील परीक्षण करू शकत नाही. फोन तपासणारा भाऊ, एसटी स्टँडपर्यंत मागे येणारा मुलगा, ‘तुझ्या काळजीपोटीच’ असे म्हणत शिकवणी बंद करणारे घर, हे सारे त्यांना माहीत असते. काळजी कोठे संपते आणि पहारा कोठे सुरू होतो, या प्रश्नावर त्या एकमेकींशी तावातावाने भांडतात, आणि त्या भांडणात पुस्तक सतत हातात राहते. काही मुली एडवर्डची बाजूही घेतात. तो पुढे चूक मानतो, वागणे बदलतो, आणि आपल्या ओळखीतल्या फारशा पुरुषांनी असे केलेले नाही, असे त्या म्हणतात. हे मतही तितक्याच आदराने लिहून घ्यावे.

येथे वाचकांना एक भेद शिकवावा लागतो, आणि तो शिकवण्यासाठी जेकबचा प्रसंग उपयोगी आहे. तिसऱ्याच भागात जेकब बेलाच्या इच्छेविरुद्ध तिचे चुंबन घेतो. ती त्याला ठोसा मारते आणि तिचाच हात मोडतो. घरी आल्यावर तिचे वडील रागावण्याऐवजी जेकबचे कौतुक करतात. आता पात्राने काय केले, इतर पात्रांनी त्यावर काय म्हटले, आणि पुस्तक स्वतः त्याकडे कसे पाहते, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. वडील हसले म्हणून लेखिकेला ते मान्य आहे असा अर्थ निघत नाही. परंतु जेकबला पुढे त्या वागण्याची किंमत मोजावी लागते का, बेलाचा राग कथेत किती काळ टिकतो, हे पाहून पुस्तकाच्या भूमिकेबद्दल अंदाज बांधता येतो. ‘पुस्तक जबरदस्तीला पाठिंबा देते’ किंवा ‘देत नाही’ असे लिहिणाऱ्या प्रत्येकाकडून त्याने या तिहींपैकी कशाच्या आधारे तसे म्हटले आहे, ते लिहून घ्यावे. एवढ्या एका शिस्तीने अभिप्रायांचा दर्जा झपाट्याने वाढतो.

लग्नाच्या प्रसंगाबाबत वाचकाचे स्वतःचे ठिकाण किती महत्त्वाचे असते ते कळते. बेला वयाच्या अठराव्या वर्षी, शाळा संपल्यासंपल्या लग्न करते, आणि त्याआधी कितीतरी पाने ती त्या कल्पनेनेच संकोचलेली असते, कारण लवकर लग्न करून पस्तावलेल्या आईने तिला तसे करू नकोस असे बजावलेले असते. अमेरिकेतल्या अनेक वाचकांना हे लग्न जुनाट वाटले. ज्या भागात मुलीला अठरा पूर्ण होण्याची वाट पाहणेही काही घरांना जड जाते, त्या भागातल्या वाचकाला त्याच पानांवर दुसरेच काही दिसू शकते: मुलगी नको म्हणते आहे, मुलगा विचारतो आहे, आई शिक्षणाची आठवण करून देते आहे, आणि शेवटचा होकार मुलीचा आहे. बाहेरच्या परीक्षणातले मत उचलून आपल्या वहीत उतरवणाऱ्या वाचकाला म्हणूनच थांबवावे आणि ‘तुला काय दिसले?’ हे विचारावे.

मात्र कोणालाही स्वतःच्या प्रेमाबद्दल, घराबद्दल बोलायला भाग पाडू नये. प्रश्न पात्राबद्दल विचारावा. वाचकाला वाटले तर तो स्वतःकडे वळेल. नोंदीवर अल्पवयीन मुलांची नावे लिहू नयेत. इयत्ता पुरेशी आहे. लहान गावात अक्षरावरूनही माणूस ओळखला जातो, त्यामुळे नोंदी सूत्रधाराने स्वतःच्या हाताने उतरवून ठेवणे चांगले.

अद्भुताचे नियम

प्रेमाइतका वेळ यावर लागत नाही, पण हे वगळू नये. अद्भुत कथेत काहीही घडू शकते हा गैरसमज आहे. लेखकाने आपल्या जगाचे नियम आधी सांगावेत आणि ते पाळावेत, अशी वाचकाची अपेक्षा रास्त असते. या मालिकेत व्हॅम्पायर झोपत नाहीत, उन्हात त्यांची कातडी चमकते, ॲलिसला भविष्य दिसते पण ते माणसांच्या निर्णयांनुसार बदलते, आणि लांडग्यांचे भविष्य तिला दिसत नाही. वाचकांकडून असे नियम वहीच्या मागच्या पानावर लिहून घ्यावेत आणि पुढच्या भागात ते मोडले की सांगायला लावावे.

चौथ्या भागात जेकबची गाठ एका नवजात बाळाशी आयुष्यभरासाठी बांधली जाते, आणि या वळणावर बहुतेक वाचक चिडतात. त्यातले काही जण ‘हे अचानक घुसडले’ अशी तक्रार करतात. त्यांना तिसरा भाग पुन्हा उघडायला सांगावे, कारण लांडग्यांतल्या दुसऱ्या एका तरुणाचे दोन वर्षांच्या मुलीशी असेच बांधले जाणे तेथे आलेले आहे. म्हणजे नियम आधी सांगितलेला होता. तक्रारीचा हा भाग टिकत नाही. पण नियम आधी सांगितला होता म्हणून तो सहन होण्याजोगा होतो असे नाही, आणि ‘हे मला पटत नाही’ ही तक्रार पूर्णपणे उभी राहते. रचनेची तक्रार आणि मूल्याची तक्रार वेगवेगळ्या ओळींवर लिहाव्यात. या दोन्ही एकत्र झाल्या की वाद तासभर चालतो आणि हाती काही लागत नाही.

जेकब ज्या समाजाचा दाखवला आहे तो क्विल्यूट समाज काल्पनिक नाही. वॉशिंग्टन राज्याच्या समुद्रकिनाऱ्यावर ला पुश येथे तो खरोखर राहतो, आणि आपली उत्पत्ती लांडग्यांपासून झाली अशी त्याची परंपरागत कथाही आहे. परंतु व्हॅम्पायरांशी असलेले वैर लेखिकेने रचलेले आहे. ‘त्या आदिवासींच्या लोककथेत असे आहे’ असे वाक्य अभिप्रायात दिसले तर ते दुरुस्त करून घ्यावे. आपल्याकडच्या एखाद्या बंजारा तांड्यावर किंवा पारधी वस्तीवर दूरच्या लेखकाने अशीच कथा रचली आणि जगाने ती खरी मानली, तर तिथल्या मुलांना काय वाटेल, हा प्रश्न चर्चेत ठेवला की मुद्दा सहज पोचतो. या दृष्टीने मालिका वाचणारे वाचक आपल्याकडे कमी आहेत, आणि म्हणून तसे मत आले तर ते वर ठेवावे.

एकच वर्ग, दोन पुस्तके

ज्यांनी ‘मिडनाइट सन’पर्यंत मजल मारली आहे त्यांच्यासाठी एक सराव सांगतो, कारण मत कसे घडते हे त्याइतके स्वच्छ दुसऱ्या कशाने दिसत नाही. पहिल्या भागातला जीवशास्त्राचा पहिला तास काढावा. बेलाच्या सांगण्यात तो नवा मुलगा बाकाच्या टोकाला सरकतो, मूठ आवळून बसतो, तिच्याकडे तिरस्काराने बघतो, आणि आपण असे काय केले हे तिला कळत नाही. तोच तास ‘मिडनाइट सन’मध्ये वाचावा. तिच्या रक्ताच्या वासाने एडवर्डचे भान हरपत चाललेले असते, आणि तिला मारता यावे म्हणून आधी वर्गातल्या बाकीच्यांना कसे संपवायचे याचे हिशेब तो करत असतो. दोन्ही वाचून झाल्यावर वाचकांना आपल्याच जुन्या नोंदी परत द्याव्यात. पहिल्या भागात ज्यांनी ‘एडवर्ड लाजाळू आहे’, ‘गूढ आहे’ असे लिहिले होते, त्यांचे ते मत बेलाच्या डोळ्यांतून आलेले होते. बेला प्रेमात आहे आणि गोष्ट तीच सांगते आहे. चौथ्या भागाचा मधला खंड जेकब सांगतो, तेथे तर बेलाचे निर्णय बाहेरून कसे दिसतात हेही उघड होते. निवेदक कोण आहे हे लक्षात आलेला वाचक पुढे कोणतीही प्रेमकथा वेगळ्या सावधपणे वाचतो.

पालक आणि कार्यकारिणी यांच्यासाठी वेगळे पान

वाचकांच्या नोंदींत पालकांच्या प्रश्नांची उत्तरे मिसळू नयेत. त्यांच्यासाठी एक स्वतंत्र पान करावे आणि त्यावर मत न देता आशय लिहावा: कोणत्या भागात हिंसा आहे, कोणत्या भागात शारीरिक जवळीक आहे आणि ती कितपत उघडपणे लिहिली आहे, चौथ्या भागात बाळंतपणाचा प्रसंग किती रक्तबंबाळ आहे. दुसऱ्या भागाबद्दल येथे स्पष्टपणे लिहिणे मला आवश्यक वाटते. एडवर्ड सोडून गेल्यावर बेला महिनोन्‌महिने सुन्न होते. पुस्तकात ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंतच्या महिन्यांची केवळ नावे छापलेली कोरी पाने येतात. ती कड्यावरून समुद्रात उडी मारते, आणि ती मेली असे समजून एडवर्ड मरण पत्करायला निघतो. परीक्षेच्या दडपणाखाली घरापासून दूर राहणाऱ्या मुलांच्या हाती हा भाग देताना त्यावर बोलायला एखादे मोठे माणूस उपलब्ध असावे. कोणाच्या नोंदीत किंवा बोलण्यात स्वतःला इजा करण्याचा सूर दिसला, तर चर्चा थांबवून त्या मुलाशी एकट्याने, न रागावता बोलावे, घरच्या विश्वासाच्या माणसाला कळवावे, आणि शासनाची मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस ही १४४१६ या दूरध्वनी क्रमांकाची मोफत सेवा त्याला सांगावी. हा क्रमांक त्या भागाच्या आतल्या पानावर चिकटवून ठेवावा.

मालिकेचा पहिला भाग मुलांसाठी असला म्हणून शेवटचाही तसाच असेल असे धरून चालू नये. सारा जे. मास यांची २०१५ साली सुरू झालेली एक लोकप्रिय मालिका प्रथम किशोरांच्या विभागात विकली गेली आणि पुढे प्रौढांच्या विभागात हलवली गेली. म्हणून आशयाचे पान दर भागाचे वेगळे करावे, आणि ज्याने तो भाग पूर्ण वाचला आहे त्यानेच ते भरावे.

कार्यकारिणीत ‘हे आपल्या मातीतले नाही’ असा आक्षेप हमखास येतो. त्याला उत्तर देताना फार लांब जावे लागत नाही. सातवाहन राजा हाल याच्या नावावरची महाराष्ट्री प्राकृतातली सातशे गाथांची संपदा आपल्याच गोदाकाठाशी जोडलेली आहे, आणि तिच्यातल्या कितीतरी गाथांत तरुण मुली व बायका प्रेमाबद्दल सखीशी मोकळेपणाने बोलतात. मराठी कादंबरीची सुरुवातही अशाच कथांनी भरलेली आहे: १८६१ सालची ‘मुक्तामाला’ आणि १८६८ सालची ‘मंजुघोषा’ या कादंबऱ्यांत विरह, संकटे आणि अद्भुत योगायोग यांची रेलचेल आहे, आणि त्यांनाही त्या काळी मोठा वाचकवर्ग लाभला. हे सांगून आक्षेप घेणाऱ्याला गप्प करायचे नाही. त्याला पहिल्या भागाची प्रत देऊन त्याचेही मत याच वहीत, याच नियमांनी लिहून घ्यायचे आहे. साठीतल्या वाचकाची नोंद सोळाव्या वर्षाच्या नोंदीशेजारी आली की वहीची किंमत वाढते.

एकत्रित अभिप्राय लिहिताना

सगळ्या नोंदी जमल्यावर त्यांची सरासरी काढण्याचा मोह टाळावा. ‘बहुतेकांना आवडली’ या वाक्यात कोणाला आणि का हे दोन्ही हरवते. त्याऐवजी मतभेदाची ठिकाणे शोधावीत आणि प्रत्येक ठिकाणी दोन्ही बाजू त्या-त्या वाचकांच्या शब्दांत ठेवाव्यात. ज्यांनी मालिका अर्धवट सोडली त्यांच्या नोंदी काढून टाकू नयेत. कोणत्या भागात, कोणत्या प्रकरणाच्या आसपास सोडली हे लिहिले, तर पुढचे भाग मागवायचे की नाहीत हे ठरवताना त्यांचाच सर्वांत जास्त आधार मिळतो. शेवट उघड करणारी वाक्ये वेगळ्या पानावर घ्यावीत आणि त्या पानावर तसे ठळक लिहावे. लेखाची लांबी दोन पानांपेक्षा जास्त होऊ देऊ नये, कारण काउंटरजवळ उभ्याने वाचणाऱ्याकडे तेवढाच वेळ असतो.

तयार झालेला अभिप्राय पहिल्या भागाच्या मलपृष्ठाच्या आतल्या बाजूला पाकीट चिकटवून त्यात ठेवावा, आणि पाकिटात दोन-तीन कोरे कागदही असू द्यावेत. पुस्तक परत करताना ज्याला काही भर घालायची असेल त्याने त्यावर इयत्ता किंवा वय आणि भागाचा क्रमांक लिहून आपली नोंद करावी. ग्रंथपालाने सहा महिन्यांनी ते कागद काढून मूळ अभिप्रायाशी ताडून पाहावेत, आणि जेथे नव्या वाचकांचे मत जुन्यांपेक्षा वेगळे पडले असेल तेथे जुने न खोडता त्याच्याखाली नवे लिहावे.